ऑर्नेट कोलमन यांचा ‘साउंड ग्रामर’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘साउंड ग्रामर’ हा जॅझ अल्बम ऐका असं कुणालाही सुचवलं की थोड्या दिवसांनी प्रश्न येतात, आणि गंमत म्हणजे ते बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. जॅझ कधीच न ऐकलेल्यांनी पहिल्यापासून वाचावं. पुलित्झर पुरस्काराच्या भानगडीपुरतंच कुतूहल असेल तर थेट प्रश्न १२ गाठा.

१. ऑर्नेट कोलमन कोण होते?

अमेरिकन सॅक्सोफोनवादक आणि रचनाकार. जन्म ९ मार्च १९३०, टेक्सासमधलं फोर्ट वर्थ. मृत्यू ११ जून २०१५, न्यूयॉर्क. तरुणपणी ते ऱ्हिदम अँड ब्लूज वाजवणाऱ्या फिरत्या बँडांत होते. लुइझियाना राज्यात बॅटन रूजला एका कार्यक्रमाच्या वेळी त्यांना मारहाण झाली आणि त्यांचा टेनर सॅक्सोफोन मोडून टाकला गेला. पुढे लॉस एंजेलिसमध्ये लिफ्ट चालवण्याची नोकरी करता करता त्यांनी संगीतशास्त्राची पुस्तकं वाचली, आणि १९५८ मध्ये पहिला अल्बम आणला. नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबात त्यांची चौकडी वाजवू लागली आणि जॅझच्या दुनियेत सरळ दोन तट पडले. संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन खूश झाले. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी उघडपणे नाक मुरडलं.

तेव्हा ज्यांना थोतांड म्हटलं गेलं, त्याच माणसाला ७७व्या वर्षी अमेरिकेतला संगीताचा सर्वांत मानाचा पुरस्कार, पुलित्झर, मिळाला. तो मिळवून देणारा अल्बम म्हणजे ‘साउंड ग्रामर’.

२. हा अल्बम नेमका कधीचा, कुठला, आणि त्यात कोण कोण वाजवतं?

१४ ऑक्टोबर २००५ रोजी जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमध्ये झालेल्या मैफलीचं हे ध्वनिमुद्रण आहे. लुडविग्सहाफेन म्हणजे ऱ्हाइन नदीकाठचं बीएएसएफ या रसायन कंपनीचं गाव. कोलमन तेव्हा ७५ वर्षांचे होते. १२ सप्टेंबर २००६ रोजी अल्बम बाहेर आला तो कोलमन यांच्या स्वतःच्याच लेबलवर, आणि त्या लेबलचं नावही ‘साउंड ग्रामर’च.

वादक चार. कोलमन (आल्टो सॅक्सोफोन, मधूनमधून ट्रम्पेट आणि व्हायोलिन), त्यांचा मुलगा डेनार्डो कोलमन (ड्रम्स), आणि ग्रेग कोहेन व टोनी फलांगा हे दोघं, दोघंही डबल बेसवर. सुरुवातीची छोटी घोषणा सोडली तर आठ रचना. त्याआधी जवळपास दहा वर्षं कोलमन यांचा नवा अल्बम आलेला नव्हता, त्यामुळे लोक वाट पाहत होते.

३. फ्री जॅझ म्हणजे प्रत्येकानं वाट्टेल ते वाजवायचं, असंच ना?

कोलमन यांच्या शैलीला ‘फ्री जॅझ’ म्हणतात, आणि सर्वाधिक येणारा प्रश्न हाच. उत्तर: नाही. पण हा समज होतो कसा तेही समजून घेण्यासारखं आहे.

रूढ जॅझमध्ये आधी एक धून वाजते. त्या धुनेखाली कॉर्डांची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची, ठरलेली मालिका असते, समजा ३२ बारांची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा). धून संपली की एकेक वादक आपापलं उत्स्फूर्त वादन करतो, आणि त्या वेळी खाली तीच मालिका पुन्हा पुन्हा फिरत राहते. पियानो आणि बेस ती चालू ठेवतात. वादकाला प्रत्येक कॉर्डशी जुळतील असे स्वर निवडावे लागतात. १९४०च्या दशकात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि त्यांच्या सोबत्यांनी ही कसरत इतकी वेगवान आणि अवघड केली की कॉर्ड पाठ असणं हीच वादकाची परीक्षा होऊन बसली.

कोलमन यांनी विचारलं, की कॉर्डांची मालिका चालूच कशाला ठेवायची? धुनेतच एक मनःस्थिती आहे, काही स्वरांतरं आहेत, एक लय आहे. वादनानं त्यांच्यामागून जावं. म्हणून त्यांनी १९५९ पासून पियानो जवळजवळ वगळलाच. एकेक आवर्तन इतक्याच बारांत संपलं पाहिजे हा हट्ट सोडला. बेसवाल्यानं कागदावरचा कॉर्ड पाहण्याऐवजी शेजारच्या सॅक्सोफोनकडे कान द्यायचा, आणि तो जिकडे वळेल तिकडे जायचं.

म्हणजे सुटका झाली ती कॉर्डांच्या फेऱ्यांतून. धून सुटली नाही, ठेका सुटला नाही, एकमेकांचं ऐकणं तर दुपटीनं वाढलं. ‘साउंड ग्रामर’मधली कुठलीही रचना घ्या: सुरुवातीला गुणगुणता येईल अशी धून सापडतेच. कोलमन हे मुळात धुना रचणारे. माझ्या मते गेल्या शतकातल्या सगळ्यांत सुरेल धुना रचणाऱ्यांत त्यांचं नाव यायला हवं, आणि ‘फ्री’ या बिरुदामुळे नेमकं हेच झाकलं गेलं.

४. मग हे आपल्या आलापासारखं म्हणायचं का?

थोडंसं. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला एक फायदा नक्कीच आहे: कॉर्ड नसले म्हणजे काहीतरी गहाळ झालंय असं त्याला वाटत नाही. एकच स्वररेषा पुढे पुढे जाते आणि वादक तिचा विस्तार करतो, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. बेसुरा वाटणारा स्वर मुद्दाम लावलेला असू शकतो, हेही आपल्याला पटकन पटतं (प्रश्न ८ पहा).

पण साम्य इथेच संपतं. रागात कुठले स्वर घ्यायचे, कुठे थांबायचं, कुठली स्वरवाक्यं टाळायची हे ठरलेलं असतं, आणि तानपुरा सा पक्का धरून बसलेला असतो. कोलमन यांच्याकडे सा-च हलतो. सॅक्सोफोन एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना आधारस्वर बदलतो आणि बेसवाल्यांना तिथल्या तिथे नवा सा शोधावा लागतो. दुसरं म्हणजे, आपल्याकडे गायक विस्तार करताना तबलजी ठेका धरतो. जुगलबंदीतही पाळ्या असतात. इथे चौघंही एकाच वेळी उपज करतात. ‘साथीदार’ असा वेगळा कुणी नाहीच.

५. हार्मोलोडिक्स म्हणजे काय? ते कळल्याशिवाय अल्बम कळणार नाही का?

कळेल. हार्मोलोडिक्स हे कोलमन यांच्या संगीतविचाराचं नाव. त्यांच्याबरोबर वाजवलेल्या वादकांनीही हार्मोलोडिक्सची व्याख्या आपापल्या परीनं केली आहे, आणि कोलमन यांनी त्यावर लिहायला घेतलेलं पुस्तक प्रकाशित झालं नाही. त्यामुळे न्यूनगंड नको.

तरी त्यामागची एक गोष्ट सहज समजते. आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर ‘सी’ लिहिलेला असला, तरी प्रत्यक्षात ऐकू येतो तो पियानोवरचा ‘ई फ्लॅट’. ट्रम्पेटची अडचण वेगळी, पियानोला अडचणच नाही. म्हणून एकच धून चार वाद्यांना द्यायची तर अरेंजर (रचना वाद्यांवर वाटून लिहिणारा) प्रत्येकासाठी ती वेगळ्या पट्टीत लिहून देतो. कोलमन सॅक्सोफोन स्वतःच शिकले, आणि कागदावरचा स्वर व कानावर पडणारा स्वर यांतली ही तफावत त्यांना लहानपणीच ठेचकाळून कळली. त्यांनी त्यातून उलटाच धडा घेतला. समजा कुणी पट्टी बदललीच नाही, सगळ्यांनी तोच कागद आपापल्या वाद्यावर वाजवला, तर? एकच धून एकाच वेळी वेगवेगळ्या पट्ट्यांत ऐकू येईल. अरेंजर ज्याला चूक म्हणेल, तो त्यांना खजिना वाटला.

तिथून पुढे कल्पना अशी वाढली: धून, हार्मनी, लय आणि वेग यांपैकी कुणी मालक नाही आणि कुणी नोकर नाही. ड्रम्सही धून सांगू शकतात, बेसही पुढे येऊ शकतो. उतारवयात याच कल्पनेसाठी ते ‘साउंड ग्रामर’ असं म्हणू लागले.

६. दोन-दोन डबल बेस कशाला? एक पुरत नव्हता का?

या अल्बमचा जीव इथे आहे, त्यामुळे जरा विस्तारानं.

कोहेन मुख्यतः बोटांनी तारा छेडतात. टॉम वेट्स आणि जॉन झॉर्न अशा अगदी भिन्न प्रकृतीच्या लोकांबरोबर वाजवलेला हा माणूस. चालतं-फिरतं, खणखणीत, जमिनीवर पाय रोवलेलं वादन. फलांगा अभिजात पाश्चात्त्य शिस्तीतले, आणि ते बहुतेक वेळ गज चालवतात. त्यामुळे वाद्य एकच असलं तरी आवाज दोन अगदी वेगळे. एक खाली चालतो, दुसरा वरच्या सप्तकात जवळजवळ गातो. गजानं वाजवलेला डबल बेस वर चढला की चेलोसारखा वाटतो, आणि अशा वेळी तो सॅक्सोफोनचा सोबती न राहता प्रतिस्पर्धी होतो. कोलमन एक वाक्य टाकतात, फलांगा ते उचलतात, वाकवतात, कधी त्याच्या उलट दिशेला निघून जातात. आणि कोहेन खालून दोघांनाही वाहून जाऊ देत नाहीत.

यातली ‘स्लीप टॉकिंग’ ही रचना ऐका. त्याची सुरुवातीची धून स्त्राविन्स्की यांच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’च्या आरंभी वाजणाऱ्या ‘बसून’ या फुंकवाद्याची आठवण करून देते. पुढे काही वेळ फक्त गजाकडे लक्ष ठेवा, मग तीच रचना पुन्हा लावून फक्त छेडलेल्या तारांकडे. दोन वेगळ्या मैफली ऐकल्यासारखं वाटेल.

कोलमन यांना ही जोडी नवी नव्हती. १९६० मध्येच त्यांनी स्कॉट लाफारो आणि चार्ली हेडन या बेसवादकांना एकत्र वाजवायला लावलं होतं (प्रश्न १७), आणि १९६८च्या युरोप दौऱ्यात हेडन आणि डेव्हिड आयझेनझन असे दोघं बेसवर होते. पण साठच्या दशकात दोन बेसचा गलका व्हायचा तिथे इथे हवा खेळती आहे. तंत्राचा भाग त्यात असेलच. पंचाहत्तरीतला कोलमन कमी स्वर वाजवतो आणि मध्ये जागा सोडतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

७. ड्रम्सवर स्वतःचाच मुलगा. वशिलाच ना हा?

हा आरोप १९६६ पासून आहे. त्या वर्षी ‘द एम्प्टी फॉक्सहोल’ या अल्बमसाठी कोलमन यांनी चार्ली हेडन यांच्या शेजारी डेनार्डोला बसवलं, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. अनेक मुरलेले ड्रमर भडकले. कोलमन यांचं म्हणणं साधारण असं, की मोठ्यांच्या हातात बसलेल्या सवयी या पोराच्या हातात नाहीत, आणि मला तेच हवंय.

२००५ पर्यंत डेनार्डो जवळपास पन्नाशीला आलेले होते आणि वडिलांबरोबर अनेक वर्षं वाजवत होते. त्यांचं वादन दाट आहे, अखंड आहे, पहिल्यांदा ऐकताना अंगावर येतं. मला स्वतःला ‘जॉर्डन’ या रचनेत ते थोडं जास्तच भरगच्च वाटतं. पण वडील कुठल्या क्षणी वाक्य तोडणार हे त्यांना जसं आधी कळतं तसं दुसऱ्या कुणाला कळलं असतं असं वाटत नाही. जाता जाता: डेनार्डोची आई म्हणजे कवयित्री जेन कॉर्टेझ. संगीताच्या साथीत कविता सादर करण्यात त्यांनीही मोठं नाव कमावलं.

८. कोलमन यांचा सॅक्सोफोन मला बेसूर वाटतो. माझा कान चुकतोय की ते?

कुणीच नाही. ते पियानोच्या पट्ट्यांमधल्या फटींत वाजवतात. एकच स्वर आनंदाच्या वाक्यात थोडा वर आणि दुःखाच्या वाक्यात थोडा खाली असू शकतो, अशी त्यांची धारणा होती. सोबत पियानो नसल्यामुळे त्यांना कुणी अडवतही नाही. हे अंगात आलं टेक्सासच्या ब्लूजमधून, म्हणजे आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या गाण्याच्या परंपरेतून. तिथले गायक तिसरा आणि सातवा स्वर असाच घोळवतात. ‘टर्नअराउंड’ ऐकताना सॅक्सोफोनऐवजी एखादा म्हातारा ब्लूज गायक आहे असं समजा, म्हणजे ‘बेसूर’ हा शब्द आपोआप गळून पडेल. सॅक्सोफोनमधून रडणं, हसणं, दटावणं काढणारी माणसं जॅझमध्ये बरीच झाली, पण बोलण्याच्या इतकं जवळ नेणारं दुसरं कुणी मला तरी सापडलेलं नाही.

९. आणि व्हायोलिन, ट्रम्पेट? ते तर शिकाऊ वादकासारखं वाजतं!

तक्रार रास्त आहे. साठच्या दशकाच्या मध्यापासून ते ही दोन्ही वाद्यं मैफलीत वाजवू लागले आणि ती त्यांनी रूढ पद्धतीनं शिकून घ्यायचं मुद्दाम टाळलं. व्हायोलिन तर ते डाव्या हातानं वाजवत. त्यांना तिथे धून नको असते, पोत हवा असतो: खरवडल्यासारखा, झटपट, लयीच्या अंगानं जाणारा. या अल्बममध्ये दोन्ही वाद्यं अगदी थोडा वेळ येतात. न आवडल्यास तो भाग निघून जाऊ द्या. मीही व्हायोलिनची वाट पाहत बसत नाही.

१०. त्यांचा तो प्रसिद्ध प्लास्टिकचा सॅक्सोफोन यात आहे का?

नाही. पांढऱ्या प्लास्टिकचा ग्राफ्टन आल्टो त्यांनी १९५४ मध्ये पैशांअभावी घेतला होता, आणि सुरुवातीचे गाजलेले अल्बम त्याच्यावरचे. पुढे ते धातूच्या सॅक्सोफोनवर आले. तो पांढऱ्या लाखेनं रंगवून घेतलेला असायचा, म्हणून फोटो पाहून फसायला होतं.

११. यातल्या सगळ्या रचना नव्या आहेत का?

सगळ्या नाहीत. ‘टर्नअराउंड’ हा ब्लूज त्यांच्या १९५९च्या ‘टुमॉरो इज द क्वेश्चन!’ या अल्बममधला. ‘साँग एक्स’ १९८६ मध्ये गिटारवादक पॅट मेथिनी यांच्याबरोबरच्या त्याच नावाच्या अल्बममध्ये आली होती. ‘स्लीप टॉकिंग’ म्हणजे ‘ऑफ ह्यूमन फीलिंग्ज’मधल्या ‘स्लीप टॉक’चं नवं रूप, तो अल्बम १९७९ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन १९८२ मध्ये बाहेर आला.

‘स्लीप टॉक’ची तुलना तर करूनच पहा. मूळ रचना विजेच्या गिटारी आणि दणदणीत फंक ठेक्यांवर उभी आहे. लुडविग्सहाफेनला विजेचं वाद्य एकही नाही. धून तीच.

१२. पुलित्झर पुरस्काराची एवढी चर्चा का झाली?

कारण हा अल्बम स्पर्धेत नव्हताच! पुलित्झरच्या संगीत विभागासाठी संगीतकार आपली रचना पाठवतात, शुल्क भरतात, आणि परीक्षक त्यातून निवड करतात. २००७ साली आलेल्या अर्जांमध्ये ‘साउंड ग्रामर’ नव्हता. परीक्षकांनी आपण होऊन तो विचारात घेतला आणि शिफारस केली; मंडळानं ती मान्य केली.

दुसरं कारण जास्त खोलवरचं आहे. अनेक दशकं हा पुरस्कार म्हणजे कागदावर लिहिलेल्या पाश्चात्त्य अभिजात संगीताचं संस्थान होतं. स्कोअर, म्हणजे स्वरलिपीत लिहिलेली रचना, पाठवणं सक्तीचं होतं. ज्या संगीताचा मोठा भाग मंचावरच जन्मतो, त्याचा स्कोअर आणणार कुठून? २००४ मध्ये नियम सैल झाले आणि फक्त ध्वनिमुद्रणही चालेल असं ठरलं. त्या बदलाचा पहिला ठसठशीत परिणाम म्हणजे कोलमन यांचा पुरस्कार. काही अभिजात संगीतकार नाराज झाले. त्यांचा मुद्दा असा, की आमच्यासारख्यांना मिळणारे पुरस्कार आधीच मूठभर, त्यातलाही एक गेला. अगदीच चुकीचं नाही ते. पण १९६५चा प्रकार (प्रश्न १४) आठवला की माझी सहानुभूती आटते.

१३. मैफल जर्मनीतली, काही रचना जुन्या. मग अमेरिकन पुरस्काराच्या नियमात ते बसलं कसं?

तेव्हाच्या नियमानुसार पुरस्कार अमेरिकन संगीतकाराच्या अशा कृतीला असायचा, जिचा पहिला प्रयोग किंवा पहिलं ध्वनिमुद्रण त्या वर्षात अमेरिकेत लोकांसमोर आलं. मैफल लुडविग्सहाफेनची असली, तरी अल्बम सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेत प्रकाशित झाला, आणि निवडीत धरली गेली ती प्रकाशनाची तारीख. जुन्या रचनांचं म्हणाल तर गौरव एका सुट्या रचनेचा नव्हता, पूर्ण ध्वनिमुद्रणाचा होता. उत्स्फूर्त वादन हाच कृतीचा गाभा मानला की ‘टर्नअराउंड’ १९५९ची असूनही त्या रात्रीचं ‘टर्नअराउंड’ नवंच ठरतं.

१४. जॅझला मिळालेलं हे पहिलं पुलित्झर का?

नाही. १९९७ मध्ये ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस यांना ‘ब्लड ऑन द फील्ड्स’साठी मिळालं होतं. पण ती गुलामगिरीवरची दीर्घ, बरीचशी लिहून काढलेली रचना. मुख्यतः उत्स्फूर्त वादनावर उभ्या असलेल्या अल्बमला हा मान पहिल्यांदा मिळाला तो कोलमन यांच्या रूपानं.

त्याआधीची गोष्ट लाज आणणारी आहे. १९६५ मध्ये परीक्षकांनी जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टन यांचा विशेष गौरव करावा अशी शिफारस केली, मंडळानं ती फेटाळली, आणि त्या वर्षी संगीताचा पुरस्कार दिलाच नाही. दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. ६६ वर्षांचे एलिंग्टन मिश्कीलपणे म्हणाले, की मी फार लहान वयात फार प्रसिद्ध होऊ नये अशी नियतीची इच्छा दिसते. त्यांना विशेष सन्मान मिळाला १९९९ मध्ये, मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. पियानोवादक थेलोनियस मंक यांना २००६ मध्ये आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांना २००७ मध्ये, तोही मरणोत्तरच. म्हणजे ज्या वर्षी कोल्ट्रेन यांच्या नावानं मंडळ परिमार्जन करत होतं, त्याच वर्षी कोलमन जिवंतपणी पुरस्कार घेत होते.

पुढे २०१६ मध्ये सॅक्सोफोनवादक हेन्री थ्रेडगिल आणि २०१८ मध्ये रॅपर केंड्रिक लमार यांना पुलित्झर मिळालं.

१५. ग्रॅमी मिळालं का?

अल्बमला नामांकन मिळालं, पुरस्कार नाही. त्याच वर्षी, २००७ मध्ये, कोलमन यांना ग्रॅमीचा जीवनगौरव मात्र देण्यात आला.

१६. हा त्यांचा शेवटचा अल्बम का?

स्वतःच्या नावावर, स्वतःच्या इच्छेनं काढलेला शेवटचा अल्बम म्हणून याच्याकडे पाहिलं जातं. गुंता असा, की २०१४ मध्ये ‘न्यू व्होकॅब्युलरी’ नावाचा अल्बम बाजारात आला. त्यात कोलमन वाजवतात हे खरं, पण प्रकाशनाला आपली परवानगी नव्हती असं सांगत २०१५ मध्ये त्यांच्या बाजूनं दावा दाखल झाला. त्यामुळे त्याला त्यांच्या कृतींच्या यादीत किती वजन द्यायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी देत नाही.

पाहुणे म्हणून ते नंतरही ऐकू येतात. सप्टेंबर २०१० मध्ये सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या न्यूयॉर्कमधल्या मैफलीत ते अचानक मंचावर आले. ते वादन रॉलिन्स यांच्या ‘रोड शोज, व्हॉल्यूम २’मध्ये आहे. हे रॉलिन्स म्हणजे साठच्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात येऊन राहिलेले आणि १९७८च्या मुंबईतल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात वाजवलेले. जून २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये कोलमन यांच्या गौरवार्थ मोठी मैफल झाली, तेव्हा थोडा वेळ त्यांनी स्वतःही सॅक्सोफोन हातात घेतला. लोकांसमोर ते शेवटचं.

१७. ‘फ्री जॅझ’ नावाचाच त्यांचा एक अल्बम आहे म्हणे. तो आणि हा एकच का?

नाही, आणि ही गल्लत वारंवार होते. ‘फ्री जॅझ’ २१ डिसेंबर १९६० रोजी ध्वनिमुद्रित झाला. दोन चौकड्या एकाच वेळी वाजवतात: डाव्या स्पीकरमध्ये कोलमन, डॉन चेरी, स्कॉट लाफारो, बिली हिगिन्स, उजव्यात एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल. सुमारे ३७ मिनिटं सलग. वेष्टनावर जॅक्सन पोलॉकचं चित्र. पूर्ण शैलीला नाव मिळालं ते या अल्बमवरून.

ऐतिहासिक महत्त्व त्याचं अफाट आहे, तरी नव्या श्रोत्यानं तिथून सुरुवात करू नये. पहिल्या दहा मिनिटांत फ्री जॅझवरचा विश्वास उडालेले बरेच जण मला माहीत आहेत, आणि त्या सगळ्यांनी याच अल्बमपासून सुरुवात केली होती.

१८. कोलमन यांचा मुंबईशी, आपल्याकडच्या कुणाशी काही संबंध?

आहे, आणि फार सुंदर आहे. १९७१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘सायन्स फिक्शन’ अल्बममधल्या ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ आणि ‘ऑल माय लाइफ’ या दोन गाण्यांतला आवाज आशा पुथली यांचा आहे. त्या मुंबईत वाढल्या, हिंदुस्थानी संगीत आणि पाश्चात्त्य ऑपेरा दोन्ही शिकल्या, आणि नृत्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेल्या. कोलंबिया कंपनीचे जॉन हॅमंड यांनी त्यांचं नाव कोलमन यांना सुचवलं. कोलमन यांच्या धुनेवर शब्द गाणं म्हणजे सरकत्या जमिनीवर उभं राहणं. मागे वाद्यं आपापल्या वाटांनी चाललेली असताना त्यांचा आवाज किती निवांतपणे लांब स्वर धरतो ते ऐका. सा हलत असला तरी स्वर न सोडण्याची ही ताकद आपल्याकडच्या तालमीतून आली, असं मानायला मला आवडतं.

‘साउंड ग्रामर’शी मात्र याचा थेट संबंध नाही.

१९. ऐकायला सुरुवात कुठून करू? पहिल्या वेळी डोकं दुखलं.

क्रमानं ऐकू नका. ‘जॉर्डन’ वेगवान आहे आणि पहिल्याच फटक्यात दमवतो. आधी ‘टर्नअराउंड’ ऐका. ब्लूज असल्यामुळे पायाखाली काहीतरी असतं. मग ‘स्लीप टॉकिंग’, प्रश्न ६ मध्ये सांगितलंय तसं. त्यानंतर ‘वेटिंग फॉर यू’ आणि ‘वन्स ओन्ली’. ‘मॅटाडोर’ तोवर आपोआप आवडू लागेल. ‘साँग एक्स’ शेवटी, आणि तोही ताजं डोकं असताना.

हेडफोन असतील तर उत्तम, कारण मोबाइलच्या स्पीकरवर दोन्ही बेस जवळपास नाहीसे होतात आणि उरतो फक्त सॅक्सोफोन आणि झांजांचा कल्ला. निम्म्या डोकेदुख्या यामुळेच असतात. स्वयंपाक करताना किंवा गाडी चालवताना हा अल्बम लावू नका. इतकं करूनही नाहीच जमलं, तर १९५९चा ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’ घ्या आणि त्यातली ‘लोन्ली वुमन’ ऐका. तीही आवडली नाही तर कोलमन तुमच्यासाठी नाहीत, आणि त्यात काही बिघडत नाही.

२०. मी सॅक्सोफोन शिकतोय. यातलं काही वाजवून बघता येईल का?

‘टर्नअराउंड’. बारा बारांचा ब्लूज आहे, म्हणजे चार-चार बारांच्या तीन ओळी. पहिल्या दोन ओळी लवकर बसतात; शेवटच्या ओळीत धून अनपेक्षित वळण घेते, तिथे सावकाश. ती इतरांनीही भरपूर वाजवली आहे: पॅट मेथिनी यांच्या १९८०च्या ‘८०/८१’ अल्बममध्ये आणि जॉशुआ रेडमन यांच्या १९९३च्या ‘विश’मध्ये ती सापडेल, आणि दोन्हीकडे बेसवर कोलमन यांचे जुने सोबती चार्ली हेडन आहेत. तिन्ही वादनं शेजारी ठेवा.

मग पियानो किंवा बॅकिंग ट्रॅक न घेता एखाद्या बेसवाल्या मित्राला बोलवा. धून दोनदा एकत्र वाजवा. तिसऱ्या फेरीपासून बार मोजणं बंद करा, आणि मित्राला सांगा की कॉर्ड लक्षात ठेवू नकोस, माझं वाक्य जिथे संपेल तिथे ये. सुरुवातीला तो उशिरा येईल. काही वेळानं तो तुमच्या आधीच पोचायला लागेल, आणि मग तुम्हाला त्याच्या मागून जावं लागेल.